तर्रीची रोजकीर्द

७ एप्रिल २०२४, रविवार. पाडवा दोन दिवसांवर आलेला, सासूबाईंचा कुरड्यांचा गहू भिजत घातलेला, आणि आमचा आठवीतला मुलगा पोत्यात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन दारात उभा. शेजारच्या अर्ध्या बांधकामावर कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. तिथला चौकीदार येईल-जाईल त्याला एकेक देत सुटला होता. "आई, फक्त उन्हाळाभर ठेवू." मी "बाबांना विचार" म्हणून अंग काढून घेतलं. बाबा नुकतेच तर्री-पोहे खाऊन आले होते. पिल्लाच्या तांबूस-केशरी पाठीकडे बघून म्हणाले, "ही तर तर्री आहे." नाव ठेवल्यावर परत कसं करणार?

सासूबाईंची अट एकच. "देवघरात अन् सैपाकघरात येऊ देऊ नका तिले. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

बाकीचं आम्ही पाहिलं, म्हणजे बहुतेक पुसलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कुणी कधी कुत्रा पाळलेला नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधायला बसले की सगळे सल्ले अंगण असलेल्या घरांसाठी लिहिलेले. दार उघडा, पिल्लाला हिरवळीवर सोडा. आमचं घर प्रतापनगरकडे, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की जिना, आणि एप्रिलच्या नागपुरात हिरवळ ही वर्तमानपत्रातल्या बिल्डरच्या जाहिरातीतच. म्हणून हे लिहून ठेवते आहे. फ्लॅटमध्ये, उन्हाळ्यात, काहीच माहीत नसताना पिल्लू आणलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा वेळा शू झाली. मी एका कॉलेजच्या लेखा विभागात एकवीस वर्षं काढली आहेत. घाबरले की मी रकाने आखते. मुलाची एक लांब वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, वेळ, ठिकाण, शू की शी, त्याआधी काय चाललं होतं, शेरा. सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "काय लिहून राहिली व? कुत्र्याचा बी हिशोब?" त्या दिवसापासून घरात वहीचं नाव रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची हिशोबवही.

सोमवारी ८ तारखेला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचे ३०० रुपये, जंताच्या औषधाचे ११०. दात बघून डॉक्टर म्हणाले, सात-आठ आठवड्यांची असेल. त्यांनी सांगितलेलं मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. एवढ्या पिल्लाला शू धरून ठेवता येत नाही, हा हट्ट नसतो. दोन महिन्यांचं पिल्लू शांत असेल तर फार तर तीन तास, खेळत असेल तर पाऊण तास. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत आणि खेळ थांबला की तिला ठरलेल्या जागी न्यायचं. झाल्यावर दोन सेकंदांच्या आत खाऊ आणि कौतुक. उशीर केला तर खाऊ कशाचा मिळाला ते तिला कळत नाही. चुकीच्या जागी झालं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलं की पिल्लू शू करणं बंद करत नाही, आपल्यासमोर करणं बंद करतं. मग ती सोफ्यामागे सापडते. (हे डॉक्टरांनी सांगूनही माझ्या नवऱ्याने एकदा करून पाहिलं. शू सोफ्यामागेच सापडली.)

दूध बंद करायला सांगितलं. आम्ही दूध-पोळी देत होतो आणि पोट बिघडलंय म्हणून अजून दूध देत होतो.

सगळ्यात अवघड सूचना शेवटची होती. लसी पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर किंवा मैदानात सोडायचं नाही, कारण पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पहिली लस १२ एप्रिलला, दुसरी ३ मेला, तिसरी आणि रेबीजची २५ मेला. म्हणजे जवळजवळ दोन महिने शी-शूची सोय घरातच करायची. कडेवर घेऊन मात्र रोज खाली फिरवा, ऑटो, भाजीवाला, लहान मुलं, सगळं दाखवा, असं ते म्हणाले. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं त्याची भीती पुढे कमी वाटते म्हणे. मी तिला ओढणीत बांधून कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत न्यायची. रसवंतीवाल्याला वाटलं मी बाळंतीण आहे.

घरातल्या सोयीसाठी आधी शू-पॅड आणले, ६५० रुपयांचं पाकीट. तर्रीने त्यांचा कापूस केला. मग वर्तमानपत्र. त्यावर ती झोपायची आणि उठून शू करायला दुसरीकडे जायची. पिंजरा घेतला २,४०० रुपयांचा. मोठी होईल म्हणून मोठा घेतला, ही चूक. पिल्लू सहसा झोपण्याच्या जागी घाण करत नाही, पण पिंजऱ्यात ऐसपैस जागा असेल तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप अशी वाटणी करून घेतं. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मध्ये पडदा घातला तेव्हा रात्री सुधारल्या. अकरा, दोन आणि पाचचा गजर लावायचो. दोनची पाळी माझी. त्या वेळी दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, काम झालं की परत पिंजऱ्यात. एकदा मुलाने मध्यरात्री चेंडू दाखवला तर साडेतीनपर्यंत घर जागं होतं.

फरशीचं फिनाईलही बंद करावं लागलं. पिल्लू पाय चाटतं, ते पोटात जातं. अमोनियाचा वास असलेलं क्लीनरही नको, तो वास तिला शूसारखाच वाटतो. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, बाटली तेव्हा ४५० रुपयांना पडली. महाग आहे, पण वास खरोखर जातो. फरशी पुसणाऱ्या मावशींना फिनाईलशिवाय फरशी पुसली असं वाटेना. त्यांची समजूत घालायला तर्रीपेक्षा जास्त दिवस लागले.

इतकं करून दहा दिवसांनी वहीत सुधारणा शून्य. रोज सहा-सात नोंदी घरभर. शेऱ्याच्या रकान्यात मी "पुन्हा" लिहायचे, मग नुसतं "पु." लिहायला लागले. एका दुपारी ऑफिसातून आले, बूट काढले आणि ओल्या पायपुसण्यावर पाय पडला. तिथेच जिन्यात बसून रडले. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उतरत होत्या. त्या थांबल्या, "काय झालं जी?" म्हणाल्या. मी "काही नाही, ऊन" म्हटलं.

१९ एप्रिलला नागपूरचं मतदान होतं. सुट्टी, आम्ही सकाळीच मत देऊन आलो. अकराच्या सुमारास खेळता खेळता तर्रीने मुलाचा अंगठा धरला. दुधाचे दात सुईसारखे असतात, रक्ताचा थेंब आला. पिल्लू रस्त्यावरचं, रेबीजची लस अजून व्हायची होती. मी त्याचा हात नळाखाली धरला आणि साबणाने पंधरा मिनिटं धुतला, घड्याळ लावून. माझ्या बोटाची शाई ओली असल्यासारखी चमकत होती तेवढं आठवतं. सासूबाई हळद घेऊन आल्या होत्या. जखमेवर हळद वगैरे लावायची नाही, हे त्यांना त्या वेळी जरा जोरातच सांगितलं गेलं. सरकारी रुग्णालयात गेलो. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरमचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही देतात. ते दिलं. लसीच्या तारखा कार्डावर लिहून मिळाल्या: १९, २२, २६ एप्रिल आणि १७ मे. पैसे लागले नाहीत. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. तुमच्याकडे बिनलसीचं पिल्लू असेल आणि "एवढंसं तर खरचटलंय" असं वाटत असेल, तरी जा.

त्या रात्री झोप येईना. रोजकीर्द घेऊन बसले आणि मला माझीच लाज वाटली. एकवीस वर्षं लेखा विभागात, आणि मी तेरा दिवस नुसती कीर्द लिहीत होते. खतावणी केलीच नव्हती. नोंदी तारखेप्रमाणे पडल्या होत्या, खात्याप्रमाणे कुणी लावल्या होत्या? मागच्या पानावर ठिकाणांची खाती पाडली आणि एकेक नोंद उचलत गेले. चुकीच्या जागच्या एकूण ८७. त्यातल्या ५२ कूलरच्या पायाशी. १९ दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर. ९ मुलाच्या खोलीत, ज्या पोत्यातून तिला आणलं त्या पोत्यावर. घरभर म्हणून मी जे रडत होते ते फक्त ७.

कूलरची गोष्ट अशी. आमचा लोखंडी कूलर गॅलरीच्या दारात बसतो आणि ठिबकतो. पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून खाली गोणपाट अंथरलेलं असतं. वर ओल्या खसाचा, म्हणजे कूलरच्या जाळीत भरलेल्या वाळ्याचा वास. तर्री जन्मली पोत्यांवर, बांधकामावरच्या गवतात. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर म्हणाले, बरोबर आहे. पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत पायाखाली जे लागतं त्यावरच शी-शू करायची सवय लावून घेतात, पुढे तसाच पृष्ठभाग शोधतात. मी गुळगुळीत पॅड आणि कागद देत होते. ती बिचारी खरखरीत, ओलं, गवताच्या वासाचं शोधत होती आणि आम्ही ते तिला दिवाणखान्यात मांडून ठेवलं होतं.

पुढचं काम सोपं होतं. इतवारीतून ३५० रुपयांचा पसरट प्लास्टिकचा ट्रे आणला. नवरा काहीही फेकत नाही, या गोष्टीचा वीस वर्षांत पहिल्यांदा फायदा झाला: मार्चमध्ये कूलरमधून काढलेला जुना खस माळ्यावर होता. तो ट्रेमध्ये पसरला, वर कूलरखालच्या गोणपाटाचा एक वापरलेला तुकडा ठेवला आणि ट्रे गॅलरीच्या कोपऱ्यात. कूलरखालून गोणपाट काढून बादली लावली. सगळी पायपुसणी उचलली, दीड महिना आम्ही ओल्या पायांनी घरात येत होतो. ओल्या फरशीवर पिल्लू फिरणार म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलरचं अर्थिंगही तपासून घेतलं, २५० रुपये. अर्थिंग सुटलेलं निघालं. तर्री नसती तर ते आम्हाला कळलं नसतं, आणि लोखंडी कूलरच्या शॉकच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

२२ तारखेला सकाळी ती झोपेतून उठली, मी उचलून ट्रेवर ठेवली. तिने हुंगलं, गोल फिरली, बसली. मी उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला आणि शेजारचे जागे होतील इतकं कौतुक केलं. त्या आठवड्यात चुकीच्या नोंदी १४. त्याच्या पुढच्यात ५. जी ठिकाणं मी चिडून लिहीत होते ती वाचली असती तर दहा दिवस वाचले असते.

मेमध्ये बाकीचं शिक्षण सुरू केलं. एक प्रशिक्षक घरी येऊन गेले, एका भेटीचे ५०० आणि महिन्याचे ८,००० सांगितले. त्यांनी तीन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि झटका दिला. तर्री सोफ्याखाली गेली ती दीड तास बाहेर आली नाही. ५०० देऊन नमस्कार केला.

मग आम्हीच. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं, जेवणाआधी. नाकासमोर खाऊ धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं, बूड खाली टेकतं. टेकता क्षणी "बस" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. दोन दिवसांत जमलं. मग घोटाळा. जेवताना मी सासूबाईंना वरण वाढते, त्या म्हणतात, "बस, बस," आणि तर्री टेबलाखाली ताडकन बसून खाऊची वाट बघते. खाऊ नाही म्हणून भुंकते. शिवाय मी बस म्हणते, नवरा सिट, मुलगा सिट डाउन, मावशी बैठ. मग फ्रीजवर यादी लावली, एका कामाला एकच शब्द. "बस" राहू दिला. वाढताना बसली तर बिघडतं काय? "नाही" बाद केला, कारण तो शब्द आमच्या घरात दिवसभर फोनवर चालतो. तोंडातलं टाकायला "सोड". दारात आणि ताटलीसमोर "थांब". बोलवायला "इकडे", कारण "ये" आम्ही प्रत्येक वाक्यात वापरतो. आडवं पडायला काय म्हणावं सुचेना. मुलगा म्हणाला, "विश्राम." शाळेतल्या पीटीचा शब्द. तर्रीला सगळ्यात आधी तोच पक्का झाला. उन्हाळ्यात थंड फरशीवर पडायला कुणाला सांगावं लागतं?

"इकडे"चा एक नियम आम्ही पाळतो. त्या शब्दाने बोलावून आंघोळ घालायची नाही, औषध द्यायचं नाही, रागवायचं तर नाहीच. नको असलेल्या कामासाठी आपण उठून तिच्याकडे जायचं. खाऊ म्हणून चिकन, उकडलेलं अंडं आणि काकडीच्या चकत्या. मनुके, द्राक्षं, कांदा, चॉकलेट अजिबात नको. सासूबाईंनी प्रेमाने शिऱ्यातला मनुका काढून दिला होता तो मी तिच्या तोंडातून बोट घालून काढला. चावण्यावर उपाय म्हणून दात लागला की खेळ बंद, उठून दुसऱ्या खोलीत. घरातल्या चौघांनीही केलं तरच चालतं. तिघांनी केलं आणि एकजण हसला की तर्री त्या एकाकडेच जाते.

मध्ये एक घसरण झाली. १२ मेच्या रविवारी घरी सावजी मटण होतं आणि कुणीतरी (वहीत नाव आहे) तिला रश्श्यातलं हाड दिलं. शिजवलेलं हाड तुकडे होऊन आत टोचतं. आमचं नशीब, नुसते जुलाब झाले. तीन दिवस भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाल्याशिवाय. त्या आठवड्यात चुकीच्या नोंदी ९. सगळं विसरली असं वाटलं. पोट ताळ्यावर आलं तशी ट्रेवरही परतली.

गच्चीवर नेऊन पाहिलं, पण तिथे सासूबाईंच्या कुरड्या आणि मूगवड्या साड्यांवर वाळत होत्या. तर्री कोणत्या पृष्ठभागाला काय समजेल याची हमी मी देऊ शकत नव्हते. त्या प्रयोगाची वहीत एकच नोंद आहे आणि सासूबाईंसमोर ती मी वाचून दाखवत नाही.

तिसरी लस आणि रेबीजची, दोन्ही २५ मेला झाल्या. डॉक्टरांनी अजून दोन आठवडे थांबायला सांगितलं. ३० मेला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदल्याची बातमी आली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण आम्हा नागपूरकरांना त्या दिवशी तो आकडा खोटा वाटला नव्हता. ८ जूनला तिला पहिल्यांदा पट्टा घालून खाली उतरवलं, पहाटे साडेपाचला. उन्हाळ्यात सातनंतर आणि संध्याकाळी आठच्या आधी नेऊ नका. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला ठेवता येत नसेल तर तिचे पाय भाजतात.

खाली गेली आणि काहीच करेना. पंचवीस मिनिटं हुंगत फिरली, वर आली आणि धावत गॅलरीत जाऊन ट्रेवर मोकळी झाली. तीन दिवस हेच. मग ट्रेमधला मूठभर खस पिशवीत घालून खाली नेला आणि कडुनिंबाखाली टाकला. तिथे झालं. प्रत्येक वेळी थोडा कमी खस, दहा दिवसांत नुसती माती. गुडघ्यावर बसून झाडाखाली खस पसरणारी बाई बघून फिरायला जाणारे काका थांबले, "वहिनी, काही पूजा आहे काय?"

याच सुमारास सोसायटीच्या सचिवांची चिठ्ठी आली: कुत्रा ठेवायला समितीची एनओसी लागेल, लिफ्ट वापरू नये. भांडण न करता साधा अर्ज दिला. सोबत लसीच्या कार्डाची प्रत, घाण मी स्वतः उचलीन आणि पट्ट्याशिवाय बाहेर नेणार नाही असं लेखी, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत. सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. पोच घेतली. पोच घ्याच. विषय पुन्हा निघाला नाही. पालिकेच्या परवान्यासाठी झोन कार्यालयात दोनदा जावं लागलं, कारण पहिल्यांदा मी रेबीजच्या लसीचा दाखला घरीच विसरले. अर्जात जातीचा रकाना होता. मी "देशी" लिहिलं. रंगाच्या रकान्यात मुलगा काय लिहायला सांगत होता ते ओळखलंच असेल. मी "तांबूस" लिहिलं.

लस, डॉक्टर, पिंजरा, ट्रे, क्लीनर, पट्टा, वाया गेलेले पॅड, इलेक्ट्रिशियन आणि ते ५०० धरून तीन महिन्यांचे ९,१०० रुपये झाले. खाणं वेगळं, महिन्याला साधारण १,८००.

जूनच्या शेवटी पाऊस आला. ओल्या गवतात जायला तर्री आधी तयार नव्हती. तिला वरून पडणारं पाणी आवडत नाही, खालचं चालतं. छत्री धरून उभं राहावं लागतं, माझ्यावर नाही, तिच्यावर. पूर्ण जूनमध्ये घरातल्या चुकीच्या नोंदी दोन, दोन्ही पाहुणे आल्याच्या आनंदात. "इकडे" घरात दहापैकी दहा, खाली खार दिसली तर शून्य.

६ जुलैला आम्ही कूलर धुऊन, खस काढून गच्चीच्या खोलीत ठेवला. तर्री ती रिकामी जागा बराच वेळ हुंगत होती. वही मी माळ्यावर ठेवली आहे, जुन्या खसाच्या पोत्याशेजारी. मार्चमध्ये नवा खस लागेल तेव्हा दोन्ही खाली काढू.